हाताने करू या संक्रांतीचे भेटकार्ड



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या वडोदऱ्याला उत्तरायणाचे वेध लागतात. रस्त्याच्या कडेला दोरा ताणून मांजा रंगवणारे बसू लागतात आणि मुलांचे निम्मे लक्ष वर्गाच्या खिडकीबाहेर जाते. त्याच दिवसांत आपल्या मराठी घरांत तीळ निवडले जातात, चिकीचा गूळ आणला जातो, हळदी-कुंकवाला यंदा काय लुटायचे याची चर्चा सुरू होते. पतंगही आपला आणि तिळगूळही आपलाच. पूर्वी या दिवसांत आणखी एक गोष्ट घरोघरी होत असे. पुण्या-मुंबईच्या, सांगली-कोल्हापूरच्या नातेवाइकांना पाकिटातून भेटकार्ड आणि तिळगुळाची चिमूट जात असे. तिकडूनही येत असे. आता मोबाईलवर एक तयार चित्र येते, आपण तेच पुढे पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत कोणाचे कोणते आले होते हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

गेल्या वर्षी हस्तव्यवसायाच्या तासाला आम्ही पाचवी ते सातवीच्या मुलांकडून संक्रांतीची कार्डे करून घेतली. दुकानात इंग्रजी कार्डे होती, गुजराती होती, पण मराठी मिळाले नाही, एवढेच त्यामागचे साधे कारण. या उपक्रमात चुका पुष्कळ झाल्या. त्यांपैकी दोन येथे सांगतो, कारण हा सारा पाठ त्या दोन चुकांमधूनच तयार झाला आहे.

पहिली चूक मुलांची. सहावीतल्या एका मुलीने मोठ्या खोडरबरावर ‘आजी’ हा शब्द कोरून ठसा केला. कोरीव काम सुबक होते, पण शब्द सरळ कोरलेला असल्यामुळे कागदावर तो उलटा उमटला. दुसरे कार्ड करायला वेळ नव्हता, म्हणून तिने तेच मिरजेला आजीकडे पाठवले.

दुसरी चूक आमची. एका पालकांनी आपल्याकडचे संगणकावर चालणारे कटिंग मशीन दोन दिवस शाळेत आणले होते. त्यावर ‘तिळगूळ’ हा शब्द कापायचा होता. टंकलेखन करताना आम्ही ‘गू’ ऐवजी ‘गु’ केले. यंत्राने तो शब्द अतिशय सफाईने, एकामागून एक, प्रत्येक पट्टीवर चुकीचाच कापला. चूक दाखवली तीही एका विद्यार्थ्याने! त्या पट्ट्यांच्या मग पतंगाच्या शेपट्या झाल्या.

ठशाची गोष्ट जुनीच आहे

ठसा म्हटले की आपल्याला रबरी शिक्का आठवतो. पण ठसे उमटवणे आपल्या घरांत पूर्वापार चालत आले आहे. गौरी येतात तेव्हा मूठ पिठाच्या पाण्यात बुडवून दारापासून देवघरापर्यंत पावले उमटवतात, तो ठसाच. आपल्या आज्या एका जाड कागदाला उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडून ठेवत. तो कागद जमिनीवर ठेवून वर रांगोळी फिरवली की ठिपके बरोबर ओळीत पडत. याला आजच्या भाषेत ‘स्टेन्सिल’ म्हणतात. आपल्या गुजरातमध्ये गांधीनगरजवळचे पेथापूर हे गाव कापडावर छापण्याच्या लाकडी ठशांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर सागवानावर नक्षी कोरतात.

अक्षरे उलटी कोरण्याचा मराठीतला एक मोठा दाखला मिरजेचाच आहे. १८०५ साली तेथे भगवद्गीता छापली गेली. त्यासाठी अक्षरे तांब्याच्या पत्र्यांवर कोरली होती. पत्र्यावरचे अक्षर कागदावर सरळ यावे म्हणून कोरणाऱ्याला प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागले. अठरा अध्याय, सातशे श्लोक, आणि सगळे उलटे! आपल्याला तर एकच शब्द कोरायचा आहे.

भेटकार्ड पाठवण्याची प्रथा टपालामुळे वाढली. इंग्लंडमध्ये १८४० साली देशभर एका पेनीत पत्र जाऊ लागले. तीन वर्षांनी, म्हणजे १८४३ साली, लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेऊन ते छापले. छापील नाताळकार्डांची सुरुवात तेथून मानतात. आपल्याकडे पोस्टकार्ड आले ते १८७९ साली, आणि त्याची किंमत होती पाव आणा.

आपल्या शहराशी नाते असलेल्या एका मोठ्या चित्रकारांनाही हाताने काढलेली कार्डे पाठवण्याची आवड होती. ते म्हणजे नंदलाल बोस. वडोदऱ्याच्या कीर्तिमंदिरातील भित्तिचित्रे त्यांचीच. एवढी भव्य चित्रे काढणारे नंदलालबाबू साध्या पोस्टकार्डावर एखादे झाड, पक्षी किंवा डोंगर काढून स्नेह्यांना आणि विद्यार्थ्यांना पाठवत असत. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बंगाली मुलांच्या पाठ्यपुस्तकासाठी त्यांनी लिनोवर कोरून चित्रे केली. काठी घेऊन चाललेल्या गांधीजींचे त्यांचे १९३० सालचे लिनोचित्र तर तुम्ही कोठे ना कोठे पाहिलेच असेल. त्यात पार्श्वभूमी काळी आहे आणि आकृती पांढऱ्या रेघांची. जेवढे कोरून काढले तेवढे पांढरे राहिले, जे ठेवले ते काळे उमटले. ठशाचे सारे शास्त्र या एका चित्रात आहे.

कागद निवडताना

कार्डाच्या कागदावर ‘२५० जीएसएम’ असे काही लिहिलेले असते. याचा अर्थ, त्या कागदाचा एक चौरस मीटर तुकडा २५० ग्रॅम भरतो. आता थोडे गणित करू. ए-शून्य आकाराच्या कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर असते. तो निम्मा केला की ए-एक, पुन्हा निम्मा केला की ए-दोन, असे करत ए-चार हा त्याचा सोळावा भाग होतो. म्हणून २५० जीएसएमच्या ए-चार कागदाचे वजन २५० भागिले १६, म्हणजे सुमारे १५.६ ग्रॅम. तो मधोमध कापून त्यातल्या एका अर्ध्याला घडी घातली की आपले कार्ड तयार. त्याचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम.

हे गणित कशाला? साध्या पत्राच्या वजनाची टपालातली पहिली पायरी २० ग्रॅमची आहे. पाकिटाचे सुमारे ४ ग्रॅम धरले तर कार्ड आणि पाकीट मिळून १२ ग्रॅमच्या आत राहतात. उरलेल्या ८ ग्रॅममध्ये तुमची चिकटवलेली नक्षी आणि तिळाची पुडी बसली पाहिजे. गेल्या वर्षी काही मुलांनी टिकल्या, आरसे आणि लेस इतकी लावली की कार्ड जाड झाले आणि तिकीट जास्त लागले. कार्ड पाकिटात घालण्यापूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोलून पाहावे.

कागदाला धागा असतो, जसा कापडाला असतो. कागद न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वाकतो त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ येते. उलट दिशेने घातली तर घडीवर कागद तडकतो. घडीच्या जागी आधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या रिफिलने एक रेघ दाबून ओढावी आणि मग दुमडावे. ही एक सवय लावून घेतली तरी कार्डाचे रूप बदलते.

ठसा करताना

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी भाजीचे ठसे उत्तम. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. बटाटा मधोमध कापून त्यावर पतंगाचा चौकोन उठवता येतो. कापण्याचे काम मात्र घरातल्या मोठ्यांनी करावे. कापलेली भाजी पाच-दहा मिनिटे कागदावर पालथी ठेवावी. पाणी टिपले गेले नाही तर रंग पसरतो.

पाचवीपासून पुढच्या मुलांनी मोठे खोडरबर घ्यावे. कृती अशी :

१. बटरपेपरवर मऊ पेन्सिलीने शब्द किंवा चित्र काढा. अक्षरे ठसठशीत असू द्या.

२. बटरपेपर पालथा करून खोडरबरावर ठेवा आणि पाठीमागून चमच्याने घासा. रबरावर उलटे अक्षर उमटेल. ते उलटेच हवे. ‘सुधारायला’ जाऊ नका.

३. अक्षराभोवतीचा भाग दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून काढा. पाते नेहमी आपल्या बोटांपासून दूर जाईल असे धरा. वळण कोरताना पात्याऐवजी रबर फिरवा.

४. शाईच्या गादीवर ठसा हलकेच दोन-तीनदा टेकवा. रगडू नका. रगडल्याने शाई खोबणीत जाते आणि अक्षर भरून येते.

५. आधी रद्दी कागदावर छापून आरशात नव्हे, थेट डोळ्यांनी वाचून पाहा. सरळ वाचता आले तरच कार्डाला हात लावा.

शाई दोन प्रकारची असते. एक कागदात मुरते आणि लवकर वाळते. दुसरी कागदाच्या वर बसते आणि वाळायला वेळ घेते. काळ्या कागदावर मुरणारी शाई दिसतच नाही. तेथे वर बसणारी पांढरी शाई किंवा स्पंजाने लावलेला पांढरा पोस्टर कलर वापरावा. ठसा उचलताना तिरका न करता सरळ वर उचलावा.

कापणारी यंत्रे

कापण्याची यंत्रे साधारण दोन प्रकारची.

पहिले हाताने फिरवायचे. उसाचा रस काढणारा चरक तुम्ही पाहिला आहे. दोन लाट्या, एक दांडा, आणि लाट्यांमधून ऊस जातो. हे यंत्र तसेच. यात उसाच्या जागी एक थर जातो : खाली जाड पाटी, तिच्यावर पारदर्शक पाटी, मग कागद आणि पोलादी साचा, आणि वर पुन्हा पारदर्शक पाटी. साच्याची धारेची बाजू कागदाकडे हवी. दांडा फिरवला की दाबामुळे धार कागदातून आरपार जाते आणि आकार सुटा होतो. पारदर्शक पाटीवर चरे पडतात आणि ती वाकू लागते, म्हणून ती प्रत्येक वेळी उलटसुलट करून वापरावी. पतंग, पान, फूल, गोल असे आकार यावर झटपट होतात. अक्षरांचे साचे मात्र बाजारात मुख्यतः रोमन लिपीचे असतात.

दुसरे संगणकाला जोडायचे. यात कागद एका चिकट चटईवर बसवतात. यंत्र चटई पुढेमागे सरकवते आणि छोटे पाते डावीउजवीकडे जाते. दोन्ही हालचाली मिळून कोणताही आकार कापता येतो. पाते आपल्या आसाभोवती फिरत असल्यामुळे वळणावर ते आपोआप दिशा बदलते. पात्याची खोली कागदाच्या जाडीप्रमाणे ठरवावी लागते. ती जास्त झाली तर चटई कापली जाते, कमी झाली तर कागद अर्धवट कापला जातो आणि ओढताना फाटतो.

या यंत्रावर मराठी कापायला बसलो तेव्हा आम्हाला आपल्याच लिपीची नव्याने ओळख झाली. ती सगळ्यांसाठी मांडतो.

शिरोरेखा नसेल तर

आपली मुले शाळेत मराठी शिकतात आणि बाहेर दिवसभर गुजराती वाचतात. गुजराती लिपीला शिरोरेखा नाही. त्यामुळे पुष्कळ मुले मराठी लिहितानाही वरची रेघ देत नाहीत. ‘बाई, रेघ नसली तरी कळते की!’ हे आम्ही वर्गात अनेकदा ऐकतो.

कात्री हातात घेतली की उत्तर आपोआप मिळते. गुजरातीत ‘ઉત્તરાયણ’ हा शब्द कापला तर अक्षरे सुटी सुटी हातात येतात आणि प्रत्येक वेगळे चिकटवावे लागते. मराठीत ‘उत्तरायण’ कापला तर सगळी अक्षरे एका रेघेला लटकून, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, एकत्र येतात. शब्द अख्खा उचलता येतो. शिरोरेखा शब्दाला धरून ठेवते, हे पुस्तकातले वाक्य मुलांनी हाताने अनुभवले.

पण त्यातही खाचाखोचा आहेत :

• अनुस्वाराचा ठिपका रेघेला चिकटलेला नसतो. ‘संक्रांत’ कापताना दोन ठिपके सुटून खाली पडतात. ते जपून ठेवावे आणि शेवटी हाताने चिकटवावे. नाहीतर ‘सक्रात’ होईल!

• भ, ध आणि थ या अक्षरांच्या डोक्यावर रेघ अर्धीच असते. म्हणून ‘शुभेच्छा’ हा शब्द ‘शु’नंतर तुटतो. मागून बारीक पट्टी लावून तो जोडावा. हीच अर्धी रेघ ‘भ’ला ‘म’पासून आणि ‘ध’ला ‘घ’पासून वेगळे ओळखायला मदत करते. रेघच दिली नाही तर वाचणाऱ्याची ही खूण जाते.

• व, ब, प, म, ळ अशा अक्षरांना पोट असते. कापताना पोटाचा तुकडा गळून पडतो. शब्द चिकटवायचा असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण शब्दाच्या आकाराची खिडकी ठेवायची असेल तर पोट जागेवर राहायला हवे, म्हणून त्याला दोन बारीक पूल ठेवावे लागतात.

• संगणकात प्रत्येक अक्षराची कड वेगळी असते. ती तशीच ठेवली तर यंत्र प्रत्येक अक्षराभोवती कापते आणि शिरोरेखेचेही तुकडे करते. म्हणून आधी अक्षरे जोडून एकच आकृती करावी लागते.

• काही संगणक-प्रणालींना मराठी अक्षरजुळणी नीट जमत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षर फुटते. पडद्यावर शब्द वाचल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

‘गु’ की ‘गू’?

आता आमच्या चुकीकडे वळतो. मराठी शुद्धलेखनाचा नियम असा की, अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ असतो. म्हणून तीळ, गूळ. ‘तिळगूळ’ या जोडशब्दात शेवटून दुसरे अक्षर ‘गू’ आहे, ते दीर्घ राहिले. ‘ति’ मात्र आता शेवटून दुसरी नाही, म्हणून ऱ्हस्व झाली. आणि शब्दाला प्रत्यय लागला की ‘गू’ही ऱ्हस्व होतो : तिळगुळाची वडी, तिळगुळाचा लाडू. एकाच पदार्थाच्या नावात सगळा नियम आला.

हाताने लिहिताना एक कार्ड चुकले असते. यंत्राने सगळी चुकली. यंत्र आपण देऊ ते करते, आणि चूक दिली तर चूकही तितक्याच सुबकपणे करते. म्हणून यंदा आम्ही नियम केला आहे : कापण्यापूर्वी शब्द फळ्यावर लिहायचा आणि तीन जणांनी मोठ्याने वाचायचा. त्यांतला एक तरी शिक्षक नसावा.

यंदाचे कार्ड : काळी चंद्रकळा

संक्रांतीला काळे वस्त्र नेसतात आणि बाळांना, नव्या सुनांना हलव्याचे दागिने घालतात. काळ्यावर पांढरा हलवा किती खुलतो! तीच कल्पना यंदाच्या कार्डासाठी घेतली आहे.

साहित्य : ए-चार काळ्या कार्डपेपरचा अर्धा भाग, पांढरा कागद, पतंगी कागदाचे तुकडे, पांढरा पोस्टर कलर, गोंद, पट्टी, कात्री, खोडरबराचा ठसा.

कृती : काळ्या कागदाला घडी घाला. पुढच्या पानावर पाच सेंटिमीटर बाजूचा चौरस टोकावर उभा काढून कापा, म्हणजे पतंगाची खिडकी होईल. हातचे यंत्र असेल तर साच्याने कापा, नसेल तर पट्टी आणि कात्री पुरे. खिडकीमागे पतंगी कागद आतून चिकटवा. उजेडात धरला की पतंग उजळतो. खाली पांढऱ्या कागदाचा ‘तिळगूळ’ हा शब्द चिकटवा. या शब्दात सुटा ठिपका नाही आणि अर्धी रेघही नाही, त्यामुळे तो एकसंध निघतो. दोन ‘ळ’ची मिळून चार पोटे गळतील, ती फेकू नका. कार्डावर पसरून चिकटवली की ती तिळासारखी दिसतात. ही युक्ती मुलांनीच गेल्या वर्षी शोधली. आगकाडीचे मागचे टोक पांढऱ्या रंगात बुडवून कडेने ठिपके द्या, म्हणजे हलव्याचा हार होईल. कोपऱ्यात तुमचा ठसा उमटवा. रंग पूर्ण वाळल्यावरच कार्ड मिटा.

आतल्या बाजूला पांढरा कागद लावून त्यावर स्वतःच्या अक्षरात किमान पाच ओळी लिहायच्या. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ ही एक ओळ धरायची नाही. शाळेत काय चालले आहे, कोणाची आठवण येते, उन्हाळ्यात येणार की नाही, असे काहीही चालेल. तीळ पाठवायचे तर भाजून, गार करून, बटरपेपरच्या छोट्या पुडीत घाला. गुळाची वडी पाकिटात घालू नका. ती चुरडते आणि तूप कागदाला लागते. पाकिटावर पत्ता आणि पिनकोड सुवाच्य लिहा. कार्डे संक्रांतीच्या किमान दहा दिवस आधी पेटीत पडावीत.

विश्वस्त आणि पालक यांच्यासाठी

संगणकावर चालणारे कटिंग मशीन शाळेसाठी घ्यावे का, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत विचारला गेला होता. आमचे मत स्पष्टपणे मांडतो.

ते मशीन सुंदर काम करते. पण एका वेळी एकच जण त्यावर काम करतो, आणि बहुधा तो शिक्षकच असतो. बाकीचा वर्ग पाहत बसतो. सध्या तरी शाळेने ते घेऊ नये. हाताने फिरवायचे एक यंत्र आणि काही साचे मात्र घ्यावेत. त्याचे एक कारण आम्ही प्रत्यक्ष पाहिले. वर्गातील एका मुलीच्या बोटांत ताकद कमी आहे, कात्री तिला चालवता येत नाही. दरवर्षी तिचे काम शेजारची मैत्रीण करून देत असे. दांड्याचे यंत्र तिने दोन्ही हातांनी फिरवले आणि पहिल्यांदाच स्वतःचे कार्ड स्वतः कापले. त्या दिवशी तिने दुसऱ्यांचेही पतंग कापून दिले. एवढ्यासाठी तरी हा खर्च योग्य आहे. कोरण्याची अवजारे, रबर आणि कागद यांसाठी पालकांनी घरी पडून असलेले साहित्य दिले तर बाकी खर्च फारसा नाही.

पालकांना आणखी एक विनंती. कार्डातला मजकूर मुलांना सांगून लिहवून घेऊ नका. चुकला तर चुकू द्या. आपण फक्त विचारले तर शब्द सांगा.

आजीचे उत्तर

उलट्या ठशाच्या कार्डाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. महिनाभराने मिरजेहून अंतर्देशीय पत्र आले. मुलगी ते घेऊन शाळेत आली, कारण तिला ते वाचता येत नव्हते. आजींची लिहिण्याची जुनी पद्धत, आधी संपूर्ण ओळभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे. शब्द कोठे संपतो ते कळेना. मधल्या सुट्टीत आम्ही तिच्यासोबत बसलो, पण वाचून दाखवले नाही. एक एक अक्षर तिनेच लावले. दोन सुट्ट्या लागल्या. आजींनी लिहिले होते की कार्ड त्यांनी आरशासमोर धरून वाचले, आणि तेव्हापासून ते आरशालाच लावून ठेवले आहे. शेवटी विचारले होते, ‘हे तू वाचलेस की कोणी वाचून दाखवले?’

तिने दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिले. पहिलेच वाक्य होते, ‘मी वाचले.’ आणि त्यावर रेघ दिलेली होती.

आपल्या शहरात मराठी घरे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. घरी बोलण्यापुरती मराठी टिकते आहे. वाचण्याची आणि लिहिण्याची मराठी मात्र आपोआप टिकत नाही, तिच्यासाठी कोणाचे तरी पत्र यावे लागते, आणि पत्र येण्यासाठी आधी आपले जावे लागते. म्हणून यंदा कार्डे किती सुबक झाली याला आम्ही गुण देणार नाही. ज्या कार्डाला हस्तलिखित उत्तर येईल आणि ते विद्यार्थी स्वतः वर्गात वाचून दाखवील, त्याचा कागद वर्गाच्या भिंतीवर लागेल.

करून पाहा

१. ३०० जीएसएमच्या ए-चार कागदाचा अर्धा भाग किती ग्रॅम भरेल? त्यात ४ ग्रॅमचे पाकीट मिळवले तर २० ग्रॅमपर्यंत किती वजन शिल्लक राहील?

२. पुढीलपैकी कोणते शब्द कापल्यावर एकसंध राहतील आणि कोणत्यांचे तुकडे सुटतील? कारण सांगा : आनंद, पतंग, गोडवा, सुगड, सुगंध.

३. स्वतःचे नाव बटरपेपरवर लिहून पालथे करा. कोणते अक्षर उलटे केल्यावरही जवळपास तसेच दिसते? (सूचना : ‘ठ’पासून सुरुवात करा.)

४. ‘तीळ’ आणि ‘गूळ’ हे शब्द प्रत्यय लावून तीन वाक्यांत वापरा. इकार-उकार कोठे बदलला त्याखाली रेघ मारा.

५. घरातील आजी-आजोबांना त्यांच्याकडचे एखादे जुने पत्र दाखवायला सांगा आणि त्यातील दोन ओळी स्वतः वाचा. अडलेली अक्षरे वहीत जशीच्या तशी काढून आणा. वर्गात ती मिळून लावू.

सर्वांना मकरसंक्रांतीच्या आगाऊ शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि यंदा गोड लिहासुद्धा!

— आपले, हस्तव्यवसाय व मराठी विषयाचे शिक्षक